डावा आरसा

व्यंकट, काल तुझा संगणक मी उघडला. वहिनींनी सांगितले म्हणून उघडला. तुला जाऊन सोळा दिवस झाले, आणि तेवढ्या दिवसांत त्या खोलीत कोणी गेले नव्हते. खुर्चीच्या पाठीवर तुझा टॉवेल तसाच होता. पडद्यावर धूळ होती. ती पुसली आणि बटण दाबले.

शोकसभेत तुझ्याविषयी सर्वांनी सर्व काही सांगितले. जन्म, गाव, नोकरीची वर्षे, विनाअपघात सेवेचा बिल्ला. त्यात भर घालण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपल्यातला एक वाद काल निकाली निघाला, आणि तो माझ्या विरुद्ध निघाला. जिंकलेला वाद मी तुला नेहमी तोंडावर ऐकवला. हरलेला ऐकवायचे राहून गेले. म्हणून लिहितो.

वाद मुळात जुना. तू मुखेड-लातूर गाडीवर ड्रायव्हर होतास आणि मी आगारात मेकॅनिक, तेव्हापासूनचा. तुला गाडीला ओढ हवी असे, मला डिझेलचे ॲव्हरेज. इंजिनाला डिझेल देणारा पंप किती खोलायचा, एवढाच प्रश्न. त्या प्रश्नावर आपण वीस वर्षे काढली.

"मिस्तरी, चढाला गाडी बसायलीय. पंप जरा खोल की."

"ॲव्हरेज पडेल."

"ॲव्हरेज पडू दे की. मी तोंडावर पडूलालो, त्याचं काय?"

मी पंप खोलत नसे. तू वहीत तक्रार लिहीत असस. आगाराची रीत अशी की ड्यूटी संपली म्हणजे ड्रायव्हरने गाडीतला दोष वहीत लिहायचा. मेकॅनिकने गाडी पाहायची आणि त्यापुढे 'केले' किंवा 'दोष आढळला नाही' असे लिहून सही करायची. बाकीच्यांच्या तक्रारी एका ओळीत संपत. तुझ्या तक्रारी म्हणजे माहेरी लिहिलेली पत्रे. 'अहमदपूर सुटल्यावर गाडी नाराज होते, चाकूरपर्यंत तिची समजूत काढावी लागते,' असे तू एकदा लिहिले होतेस. नाराजीला कोणता पाना लावतात हे मला ठाऊक नव्हते. मी 'दोष आढळला नाही' असे लिहिले.

आणखी एक प्रसंग सांगणे भाग आहे. एकदा तू अंगात ताप घेऊन ड्यूटीवर आलास. तुझे डोळे पाहून मी सरळ साहेबांकडे गेलो आणि सांगितले की आज हा मनुष्य गाडी नेण्यास योग्य नाही. गाडी दुसऱ्याने नेली. तू चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस. मी केले ते योग्यच होते, असे मला आजही वाटते. पण त्या दिवसाची किंमत मला आता कळली. ते पुढे येईल.

निवृत्तीनंतर आपण दोघांनी नांदेडला शेजारशेजारच्या गल्ल्यांत घरे केली. तुझी संगीता लातूरला शिक्षिका. तिने नवा संगणक घेतला तेव्हा जुना तुझ्याकडे आणून ठेवला, त्यात बस चालवण्याचा एक खेळ घातला आणि टेबलाला स्टिअरिंगचे चाक बसवून दिले. "बाबा नुसते बसून बेजार होतात, काका," एवढेच ती म्हणाली. तू पहिल्या दिवशी काय केलेस ते मी पाहिले आहे. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकलास, त्या प्लॅस्टिकच्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावलास, आणि मग बसलास. मी हसलो नाही. हसण्याजोगे त्यात काही नव्हते.

गाडी स्टँडातून निघाली आणि उचक्या देऊ लागली. रस्ता पुढे सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा.

"मिस्तरी, डिझेलच्या पायपात हवा धरलीय बघ."

"यात डिझेल नाही, व्यंकट."

"मग काय हाय ते बघ. तुझंच काम हाय."

पाहिले. महिनाभर वाचून पाहिले. तुला समजावून सांगितले होते, तू ऐकले नव्हतेस, म्हणून पुन्हा लिहितो. तो खेळ म्हणजे एकापाठोपाठ एक काढलेली चित्रे. सेकंदाला तीस-चाळीस चित्रे निघाली तर रस्ता पाण्यासारखा वाहतो. वीसच निघाली तर गाडी उचकते. यंत्राची ताकद ठरलेली आहे. प्रत्येक चित्रात झाडाचे पान, भिंतीची सावली, डबक्यातले आभाळ जितके बारकाईने काढायला लावू, तितकी चित्रांची संख्या घटते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे याची एक लांबलचक यादी त्या खेळातच दिलेली असते. प्रत्येक गोष्ट कमी, मध्यम किंवा जास्त करता येते. यादी वाचताना माझ्या लक्षात आले की हा पंपच आहे. फक्त आपली जागा बदलली होती. आता तुला देखणेपण हवे होते, मला वेग.

माझी पद्धत तुला माहीत होती. एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा. दोन फिरवले तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कळत नाही. आपण खेळातला एक तुकडा ठरवला, स्टँडापासून नदीच्या पुलापर्यंत. मी एक गोष्ट बदलायचो, तू तेवढे अंतर चालवायचास, मी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा कागदावर टिपायचो. तो कागद तुझ्या भिंतीवर अजून आहे.

चित्राचा आकार लहान करून मोठ्या पडद्यावर ताणला की आकडा झरकन चढतो. तसे केले त्या दिवशी तू डोळे चोळलेस. "ह्ये तर मोतीबिंदू झाल्यावानी दिसायलंय. काढ ते." काढले. सावल्या बंद केल्या, तर म्हणालास, "गाडी जिमिनीला टेकंना गेली. तरंगायलीय." मी म्हणालो की गाडी टायरवर टेकते, सावलीवर नाही. तू चाकावरचा हात काढून बसून राहिलास. सावल्या मध्यमवर आणल्या.

झाडांवरून मात्र आपली खरी जुंपली. लातूर रस्त्यावरची चिंचेची झाडे रुंदीकरणात गेली, तेव्हा तू तुझ्या शेवटच्या वर्षात होतास. प्रत्येक फेरीला दोन-चार कमी झालेली दिसत, आणि तू त्याची तक्रारही वहीत लिहिली होतीस. ती कोणत्या रकान्यात बसते हे मला कळले नव्हते.

"भायेरची तोडली ती तोडली," तू म्हणालास, "हितली तरी राहू दे."

"इथली सेकंदाला सहा चित्रे खातात."

"खाऊ दे. झाडाला बी भूक आसती."

झाडे राहिली. त्यांच्यासाठी मी आभाळातले ढग काढून टाकले, पाणी साधे केले, दूरच्या डोंगरांचा बारकावा घटवला. गाडी अठ्ठावीस चित्रांवर धावू लागली. मला तीस हवे होते, तुला काही हरकत नव्हती. "दोन कमी पडल्यानं कुनाचं लगीन मोडतंय?" असे तू म्हणालास.

तेव्हा न सांगितलेली एक गोष्ट इथे सांगतो. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे तक्रार घेऊन येणारे कोणी उरले नव्हते. माझी पत्नी आधीच गेली होती, मुले आपापल्या जागी होती, आणि मला विचारल्यावाचून सर्वांचे नीट चालले होते. तू शाळकरी मुलांची एक शंभरपानी वही आणलीस, टेबलाच्या खिळ्याला सुतळीने टांगलीस आणि तिच्या पहिल्या पानावर लिहिलेस: 'पुलावर गाडी दचकते. मिस्तरींनी लक्ष द्यावे.' दुसऱ्या दिवशी चार वाजता मी आलो, वही वाचली, चष्मा काढून पुसला आणि कामाला लागलो. त्यानंतर रोज चारला येत राहिलो. वहिनी चहा ठेवत. दोन वर्षे असे चालले. ते दिवस चांगले होते.

गेल्या दिवाळीनंतर तू चार दिवस दवाखान्यात होतास. "डोकं गरगरलं होतं, दुसरं काही न्हाई," असे मला सांगितलेस. हातपाय धड होते, बोलणे स्वच्छ होते. मी विश्वास ठेवला. मात्र तुझ्यात काही फरक पडले. स्कूटर तू बंद केलीस आणि गुडघ्याचे कारण दिलेस. फिरायला जाताना मला तू तुझ्या उजव्या हाताला चालायला लावू लागलास, मी डावीकडे आलो की थांबायचास आणि म्हणायचास, "हिकडून चल, मिस्तरी, हिकडून." म्हातारपणी माणसाला लहरी सुचतात, असे मी धरून चाललो. दाराच्या चौकटीला तुझा डावा खांदा दोनदा आपटलेला मी पाहिला. तेव्हाही मी चौकट अरुंद आहे असेच म्हणालो. आयुष्यभर आवाजावरून बिघडलेले बेअरिंग ओळखणारा माणूस मी.

आणि तू आरसा मागू लागलास.

"डावा आरसा मोठा कर. साफ कर. येक बी मानूस पुसट दिसाय न्हाई पायजे."

त्या खेळात आरसा ही सर्वांत महाग वस्तू आहे. समोरचा रस्ता एकदा काढायचा. आरसा लावला की मागचे जग पुन्हा काढायचे. दोन आरसे लावले की तिसऱ्यांदा. मी ते कमीवर ठेवले होते. तुझ्या हट्टासाठी जास्तवर नेऊन पाहिले. आकडा एकविसावर आला. गाडी इतकी उचकू लागली की तुला घेरी आली आणि तू टेबल धरून बसलास. मला भीती वाटली. भीती वाटली असे मी म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी तू खोलीत यायच्या आधी खुर्चीवर बसलो आणि दोन्ही आरसे बंद करून टाकले.

तू आलास, बसलास, गाडी काढलीस. पहिल्या थांब्यावर उभी केलीस.

"आरसा कुठं गेला?"

"बंद केला. आकडा बघ. अडतीस."

"आडतीस घिऊन काय करू? दारात मानूस हाय का उतरला, कसं कळावं मला?"

"खेळातला माणूस आहे तो. पडला तरी उठतो."

"कंडक्टरनं घंटी मारल्यावर बी मी येकदा डावीकडं बघायचो. समद्या नोकरीत येकदा बी चुकलो न्हाई. घंटी कानासाठी आसती. मानूस उतरला का, ते डोळ्यानं बघावं लागतं."

"इथे त्याची आवश्यकता नाही. जे लागत नाही ते सोडायचे, तरच गाडी चालते."

तू चाकावरून दोन्ही हात काढलेस. "मिस्तरी, तू उभ्या आयुष्यात गाडी यार्डाच्या भायेर न्हेली न्हाईस. तुला काय लागतं अन् काय न्हाई, ते कसं कळंल?"

हे खरे होते. खरे होते म्हणून मला लागले. मी चहा न घेता उठलो.

दुसऱ्या दिवशी वहीत तुझी नोंद होती. 'डावा आरसा बंद आहे. त्यावाचून काम होत नाही. चालू करून मिळावा.' एवढीच. दोन वर्षांत तू इतकी कोरडी नोंद कधी लिहिली नव्हतीस. तेथेच मी थांबायला हवे होते. मी त्यापुढे 'दोष आढळला नाही' असे लिहिले आणि सही केली. तू ते वाचलेस. वही खिळ्याला लावलीस आणि वहिनींना चहा सांगितलास. त्यानंतर वहीत एकही तक्रार आली नाही, आणि मी पडद्यासमोर बसलो नाही. "गाडी बरी चालायलीय," असे तू म्हणायचास. आपण फिरून यायचो. मी तुझ्या उजव्या हाताला. अडीच महिने गेले. वाद संपला असे मी समजत होतो.

तेराव्याच्या दुपारी पंगती उठल्यावर संगीता पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली.

"काका, एक सांगायचं होतं. बाबांनी शपथ घातली होती, पण आता काय."

दिवाळीनंतरचा तो झटका मेंदूला आला होता. हातपाय वाचले, पण दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली होती. नाकाच्या रेषेपलीकडे डावीकडे जे असेल ते तुझ्यासाठी नव्हतेच. ती तुला लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी सांगितले की ही नजर परत येणार नाही. मान वळवून पाहायची सवय मात्र लावता येते. दिवसातून शेकडो वेळा मुद्दाम डावीकडे पाहावे लागेल. ज्या कामात डावीकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नसते असे काही काम असेल तर ते करा.

"बाबा तिथंच हसले," संगीता म्हणाली. "म्हणाले, डाक्टर, जन्मभर म्या तेच केलंय."

"मला का सांगितले नाही?"

"तुम्हालाच सांगायचं नव्हतं त्यांना. म्हणाले, मिस्तरी अनफिट लिहितो. खेळातली बी गाडी हातातून काढून घील."

ती उठून आत गेली.

तू बरोबर ओळखले होतेस. तू सांगितले असतेस तर मी तुला विश्रांती घ्यायला लावली असती, चाक काढून कपाटात ठेवले असते, आणि त्याला तुझी काळजी असे नाव दिले असते. हे मी लपवत नाही. पण तू न सांगताही मी तेच केले. ज्या एका गोष्टीसाठी तू रोज त्या खुर्चीवर बसत होतास, ती मी कोपऱ्यातला आकडा वाढावा म्हणून बंद केली.

काल संगणक सुरू झाला. खेळ उघडला, तर गाडी तू सोडलीस तशी एका थांब्यावर उभी होती. पहिल्यांदा मला वाटले पडदा बिघडला. झाडे नव्हती. रस्त्याच्या कडेला एकही झाड नव्हते. सावल्या नव्हत्या, आभाळ एका रंगाचे, डोंगर नाहीत, घरे खोक्यांसारखी, डांबर पाटीसारखे सपाट. थांब्यावर उभ्या माणसांना नाकडोळे धड नव्हते. त्या सगळ्या ओसाडीत डावीकडे एक आरसा होता, खिडकीएवढा, आणि तो लख्ख होता. त्यात गाडीचे दार दिसत होते, पायरी दिसत होती, पायरीवरची धूळ दिसत होती. कोपऱ्यातला आकडा एकतीस होता.

यादी उघडली. सर्व काही तळाला. उजवा आरसाही तळाला. डावा तेवढा माथ्यावर.

यादीला तू कधी हात लावला नव्हतास. ते मिस्तरीचे खाते, असे म्हणायचास. मग वही काढली आणि मागून उघडली. शेवटच्या पानांवर तुझे अक्षर होते. भिंतीवरचा माझा कागद पाहून, इंग्रजी अक्षरे एकेक जुळवून तू यादी वाचली होतीस. एका वेळी एकच. ढग आधीच नव्हते म्हणून दुसऱ्या वस्तूंपासून सुरुवात. 'पाणी काढलं. १ वाढला.' 'डोंगर काढले. २ वाढले.' 'सावली काढली. ४ वाढले. गाडी तरंगते. चालतंय.' 'उजवा आरसा कमी. उजवीकडचं तसंही दिसतंय.' आणि सर्वांत शेवटी, दुसऱ्या शाईत: 'झाडं काढली. वाईट वाटलं.'

त्यापुढे आकडा लिहिलेला नाही.

जे लागत नाही ते सोडायचे, हे मी तुला शिकवत होतो. तू ते करून दाखवलेस, आणि काय लागते हे मला ठाऊकच नव्हते. चूक माझी होती, व्यंकट. वहीतही आणि त्या दिवशी आरसे बंद केले तेव्हाही. हे वाक्य मी नोकरीत कोणाला लिहून दिले नाही. तुला देतो.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. किती वेळ ते कळले नाही.

"भावजी, रोज काय करायचे हो हितं? मला वाटायचं, खेळायलेत."

मी त्यांना सांगितले. नजरेचे त्यांना अर्धवट ठाऊक होते. दिसणे कमी झाले आहे, एवढेच तू सांगितले होतेस. डावीकडचे सांगितले नव्हतेस. त्या खाली बसल्या आणि पदर नीट केला.

"तरीच," त्या म्हणाल्या. "ताटाची डावी बाजू तशीच यायची बघा. चटणी, लोणचं, लिंबू, समदं तसंच. मला वाटलं, डाक्टरनं तिखट-मीठ तोडलंय म्हनून खाईनात. मग मी वाढायचंच सोडलं. खामखा वाया कशाला घालवायचं."

मी वही मिटली.

"जायच्या आधी आठ दिवस आसतील. जेवाय बसले, मान अशी वळवली, ताटाकडं बघितलं अन् म्हनले, 'चटणी का वाढली न्हाईस?' मी म्हनलं, तुम्हीच खात नव्हताव की. तर म्हनले, 'आता खातो. वाढ.' कारळाची होती. दोनदा घेतली." वहिनींनी पडद्याकडे पाहिले. "मी त्याच्यावरून बोलले त्यांना. म्हनलं, कवा काय मनात यील तुमच्या, नेम न्हाई."

स्वयंपाकघरात नळ टपकत होता. त्याचा वॉशर बदलायला हवा, तो उद्या बदलतो.

"चालवून दाखवा की," वहिनी म्हणाल्या. "ह्ये काय करायचे ते बघू तरी द्या मला."

मला चालवता येत नाही, असे मी म्हणालो. यार्डात धुवायच्या जागेपासून दुरुस्तीच्या खड्ड्यापर्यंत, तेवढीच गाडी मी आयुष्यात नेली. ते तू सांगितलेच होतेस. वहिनी उठल्या नाहीत. मी तुझ्या खुर्चीवर बसलो आणि गाडी काढली. पहिल्याच वळणावर चाक रस्त्याच्या खाली उतरले. वर घेतले. ना झाड, ना सावली, त्यामुळे वेग किती आहे हे कळत नव्हते. तू ते कसे ओळखत होतास कोण जाणे. मी पुढच्या काचेवरून नजर हलवली नाही. पुढचा थांबा आला. गाडी फलाटापासून हातभर लांब उभी राहिली. दार उघडल्याचा आवाज झाला, मग घंटी झाली. मी गिअर टाकला.

"आवो, थांबा," वहिनी म्हणाल्या. "डावीकडं बघा की, भावजी. माणसं उतरायलीत अजून."

मी मान वळवली. आरशात एक बाई उतरत होती. तिला चेहरा नव्हता. तिच्यामागे एक म्हातारा होता, त्याच्यामागे आणखी कोणी. ते सावकाश उतरत होते. मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि शेवटचा माणूस उतरून दारापासून लांब होईपर्यंत गाडी हलवली नाही.